रिकामा रकाना आणि डॉक्टरबाई

डॉक्टरबाईंनी मला सांभाळून घेतलं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना मी घाबरणार आहे, आणि घाबरले की माझ्याकडून नेमकं महत्त्वाचं राहून जातं. बाई नसत्या तर आज बोरीवलीच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मी बसलेली नसते. कणकवलीच्या पुढे, आमच्या गावात, मामीने सुचवलेल्या स्थळाच्या घरी भाकऱ्या थापत असते. त्यात वाईट काही नाही, माझ्या दोन्ही बहिणी तेच करतात. पण मला ते नको होतं, आणि मला काय नको आहे हे विचारणाऱ्या बाई पहिल्याच.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. कुठल्याही यादीतलं नाव, पत्ता आणि फोन त्या आधी झाकायच्या. म्हणायच्या, "माणसाला उघडं पाडून मोजायचं नसतं. आपण तापाची माणसं मोजतोय, मतदार नाही."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. डावीकडच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं व्हायची, उजवीकडे फरसाण पॅक व्हायचं. मधे आम्ही. दिवसभर तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि बेसनाचा वास नाकात. दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी होती, ती इस्टेटमध्ये कोणी वाचली नव्हती. लिफ्टवाला विचारायचा, "तापाच्या हाफिसात काय?" आणि बटण दाबायचा.

काम असं: बोरीवली, कांदिवली, मुलुंडपर्यंतचे छोटे दवाखाने रोजच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवायचे. ते वाचून आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरायचो. वय काय, ताप किती दिवस, थंडी वाजते का, राहणार कुठे. आम्ही भरलं की नाव झाकलं जायचं, ते उघडायची किल्ली फक्त बाईंकडे. मग कॉम्प्युटर नकाशा काढायचा. जिथे ताप वाढतोय तिथे लाल. एखादा दवाखाना एकटा बघतो तेव्हा त्याला कळत नाही, सगळ्यांचं एकत्र केलं की कळतं, हे बाईंचं संशोधन. त्यावर त्या मोठमोठ्या सभांत बोलायच्या आणि तिथून परत आल्या की सगळ्यात आधी चपला काढून गाळ्यातल्या थंड लादीवर उभ्या राहायच्या.

मामाने ओळखीने मला तिथे नेलं. त्यांना कंपाउंडरचं अक्षर वाचणारं माणूस हवं होतं. गावात औषधाच्या दुकानात दोन वर्षं मी चिठ्ठ्या वाचत होते, तेवढंच माझ्याकडे होतं. मामाने वाटेत बजावलं, "बारावी सांग. कोण बघतंय." मी नववीतून शाळा सोडली होती.

बाई साठीच्या असाव्यात. सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात पुरुषी काळ्या चपला. समोर वाटीत काकडीच्या फोडी. त्यांनी एक पान पुढे केलं.

"वाच."

मी वाचलं. एका ठिकाणी अडखळले नाही. त्यांनी काकडीची फोड माझ्यापुढे सरकवली.

"शिक्षण?"

"बारावी."

"हं. कशाची भीती वाटते तुला?"

मला वाटलं फसवतायत. मी खरं सांगितलं. "सगळ्याचीच वाटते बाई. लिफ्टची वाटते. फोन वाजला तरी वाटते."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "मला न घाबरणारी माणसं इथे नकोत. तसली दोन होती, काढून टाकली. उद्यापासून ये."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'वाचणारी' झाले. "वाचणारीला बोलाव रे," असं सुबोधला सांगायच्या. सुबोध आमचा प्रोग्रॅमर. गोरेगावचा पोरगा, कानात सतत काहीतरी अडकवलेलं, बोलणं फटाफट.

बाई कॉम्प्युटरला 'कंपाउंडर' म्हणायच्या. "पांढरा कोट घालतो म्हणून डॉक्टर नसतो तो. सांगशील तेवढंच करतो. तू चुकीचं सांगितलंस तर चुकीचं करील, तेही टापटीप." त्यांचा स्वतःचा स्टेथोस्कोप कॉम्प्युटरच्या रॅकवर टांगलेला असायचा, देवाच्या फोटोला हार असावा तसा. कधी खाली काढलेला मी पाहिला नव्हता.

मुलुंडला त्यांचा वीस वर्षांचा दवाखाना होता. तो का बंद केला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ते पण फ्लास्कमधला कोरा चहा ओतता ओतता. एका आठवड्यात एकाच इमारतीतली कावीळ झालेली पोरं त्यांच्याकडे आली. त्यांनी औषधं दिली, उकळलेलं पाणी प्या म्हणून सांगितलं. त्याच गल्लीत आणखी तीन डॉक्टर होते. त्यांच्याकडेही त्याच इमारतीतली पोरं गेली होती. कोणालाच माहीत नव्हतं. एक पोरगी गेली, तिच्या घरी चौघेही भेटायला गेले आणि जिन्यात एकमेकांना भेटले.

"आम्ही चार डॉक्टर एका गल्लीत," बाई म्हणाल्या. "एकमेकांच्या पाट्या वाचायचो. वह्या कधी वाचल्या नाहीत."

मग पन्नाशीला आलेली ती बाई कॉम्प्युटरच्या क्लासला विशीतल्या पोरांशेजारी जाऊन बसली. पोरं हसायची. पुढे त्यांनी हे संशोधन उभं केलं तेव्हा डॉक्टर लोक हसायचे, की चांगली प्रॅक्टिस सोडून ही आता आकडे टाइप करते. बाई सांगताना स्वतःच हसायच्या. पण ती मुलुंडची जुनी माणसं अजून त्यांना सोडत नव्हती. कधी कधी एखादे आजोबा दोन रिक्षा बदलून थेट गाळ्यात यायचे, झाकणांच्या खडखडाटात जीभ काढून दाखवायचे. बाई जीभ बघायच्या, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायच्या आणि दम द्यायच्या, "मी आता माणसं बघत नाही, कितीदा सांगू?"

त्यांच्या दोन सवयींनी सगळं ऑफिस वैतागायचं.

पहिली म्हणजे डबा. दर गुरुवारी आठवड्याच्या नोंदींचे नंबर छापून, कातरून, त्या बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायच्या, खुळखुळवायच्या आणि शेजारच्या फरसाणाच्या गाळ्यातल्या एखाद्या बाईला बोलावून दहा चिठ्ठ्या काढायला लावायच्या. सुबोध म्हणायचा, "मॅडम, कॉम्प्युटर रँडम काढतो की." बाई म्हणायच्या, "त्याला आपण शिकवलंय. आणि आपला हात आपल्या सोयीने जातो. हिला आपलं काही घेणंदेणं नाही." ती फरसाणवाली पदराला हात पुसून चिठ्ठ्या काढायची, तरी तेलाचे डाग पडायचेच. मग बाई आपल्या किल्लीने ती दहा नावं-पत्ते उघडायच्या, आमच्यापैकी एकाला बरोबर घ्यायच्या आणि ती दारं वाजवायला निघायच्या. दारात तीनच प्रश्न: हे नाव तुमच्याकडचं का, ताप आला होता का, इथेच राहता का. नंतर हळूच चौथा, "आता बरं वाटतंय ना?" म्हणायच्या, "दार उघडून माणूस बाहेर आला तर तो आकडा. नाहीतर नुसती शाई."

दुसरी सवय घंटेची. दवाखान्यातली पितळी घंटा, पुढचा पेशंट आत पाठवायची, ती त्यांनी गाळ्याच्या मधोमध टेबलावर ठेवली होती. ज्याला स्वतःची चूक सापडेल त्याने ती वाजवायची. घंटा वाजली की सगळ्यांनी हात थांबवायचे, चूक ऐकायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायची. ओरडा नाही. उलट बाई डोळे बारीक करून खूश व्हायच्या, लपलेलं गळू सापडावं तशा. सुबोध दिवसाआड वाजवायचा. "ए, माझं परत वाजलं," म्हणून हसायचा.

मी एकदाही वाजवली नव्हती.

पहिल्या वर्षी एका शनिवारी बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "वर्ष झालं तुला. कॅलेंडरवर तुझं एकदाही काही नाही."

"चुकले नाही बाई."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मला तुझी भीती वाटते," म्हणाल्या आणि गेल्या.

मामाच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जणं. मामी वाईट नव्हती. पण भांडी घासताना बोलायची, "नोकरी आहे तोवर ठीक आहे गं. नसली की गाव बरं." आईचा फोन आला की ती विचारायची, "तू बरी आसस मां गो?" मी "व्हय" म्हणायची आणि ठेवायची. बारावीचं खोटं सापडलं, काम गेलं, की रात्रीची गाडी आणि ते स्थळ. रोज सकाळी लिफ्टच्या दाराशी मी हेच मोजायची. म्हणून चुकायचंच नाही, आणि चुकलं तर दिसू द्यायचं नाही.

आता ती चूक सांगते.

दवाखान्यात आई येते, दोन पोरांना घेऊन. कंपाउंडर आईच्या नावापुढे पत्ता लिहितो आणि खालच्या दोन नावांपुढे रकाना रिकामा सोडतो. सगळे कंपाउंडर असंच करतात, ज्याला वाचता येतं त्याला कळतं. पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये पत्ता भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडायचा नाही. कामाच्या दुसऱ्याच दिवशी मी सुबोधला विचारलं होतं.

"खाली पत्ता नाहीये रे."

"अगं, वरचंच असणार ना. फॅमिली आहे. टाक वरचं नि चल पुढे."

मी टाकलं. मग टाकतच गेले. आमच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, काहीही लिहा पण कोरं सोडू नका, कोऱ्याला छडी. ते हाताला लागलेलं होतं. रिकामं दिसलं की वरचं. माझा हात सगळ्यांत वेगात चालायचा, बाईसुद्धा इतरांना सांगायच्या, वाचणारीचं बघा.

दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका सोमवारी, नकाशावर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कडेला, एक चाळ लाल झाली. नुसती लाल नाही, आजूबाजूचं सगळं फिकं आणि ती एकच गडद. मलेरिया. बाईंनी वॉर्डात फोन केला. मंगळवारी आरोग्याची माणसं जाऊन चाळीत धूर करून आली, पिंपं उलटी करून आली. त्यांचा निरोप आला, की ताप फारसा कोणाला दिसला नाही. सुबोध स्क्रीनकडे बघत म्हणाला, "यार, या चाळीत खोल्यांपेक्षा पेशंट जास्त आहेत. काय एकेका खाटेवर दोन दोन झोपलेत काय?"

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मी स्क्रीनवरून नजर काढून घेतली, पण का ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी डब्यातून दहा चिठ्ठ्या निघाल्या. सहा त्या चाळीच्या. बरोबर जायची पाळी माझी होती.

पहिल्या दारात म्हातारी बसली होती, लसूण सोलत. बाईंनी नाव विचारलं.

"असलं कोणी नाही इथे."

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात एका माणसाने यादी हातात घेऊन वाचली आणि परत दिली. "ही नावं आमच्याकडची नाहीतच, मॅडम. परवा धूर काय, पिंपं ओतली काय. आमची काय चाळ रोगट आहे का? पोरीचं लग्न ठरतंय माझ्या."

तेवढ्यात म्हातारी मागून ओरडली, "अहो, पेशंट पायजेत का? माझे गुडघे न्या."

बाई तिच्याजवळ गेल्या, खरोखर तिचे गुडघे दाबून बघितले. मग चाळीच्या पायरीवर बसल्या, फ्लास्क उघडला, सहाही चिठ्ठ्यांवर लिहिलं: दार उघडलं, माणूस नाही.

"वाचणारी," त्या म्हणाल्या. "इतकी माणसं. अंगात ताप, हुडहुडी. चालून चालून जाणार कुठे? कुठेतरी पडलेली असतील ना गं?"

मला तेव्हा कळलं. पूर्ण कळलं. एका पानावर सगळ्यात वर त्या चाळीचा पत्ता होता, खोलीचा नंबर नसलेला. त्याच्या खालचे रकाने पानभर रिकामे होते, दुसऱ्या दिवशीच्या पानावरही तसेच, आणि मी वरचं टाकत खाली उतरले होते. ती त्या चाळीतली माणसं नव्हती. मग कुठली? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही बाई," आणि ते खरंच होतं, पण ते मी वर्षभर उशिरा म्हणत होते.

घरी गेले. मामीने विचारलं, "चेहरा का असा?" मी म्हटलं, ऊन. त्या संध्याकाळी ताट पुढे घेऊन बसले आणि आठवलं, मुंबईत आले त्याच आठवड्यात मला ताप भरला होता. मामा मला दवाखान्यात सोडून कामावर गेला. कंपाउंडरने पत्ता विचारला. सेक्टर कुठला, प्लॉट कुठला, मला काही येत नव्हतं. त्याने वर बघितलं, पेन हलवला आणि रकाना रिकामा सोडून पुढच्याला बोलावलं. म्हणजे माझ्यासारखीच कोणी ते पान भरत असती तर मला माझ्या वरच्या माणसाच्या घरी टाकून मोकळी झाली असती. आणि मी मेले असते तरी त्या दारातून कोणीतरी सांगितलं असतं, असलं कोणी नाही इथे.

शुक्रवारी सकाळी गाळ्यात शिरले, पर्स खांद्यावरच होती, आणि घंटा वाजवली. जोरात वाजली. सगळ्यांचे हात थांबले. सुबोधने कानातलं काढलं. बाई काकडीची वाटी हातात घेऊनच आल्या.

"रिकामं होतं," मी म्हटलं. "पत्ता रिकामा होता, मी वरचं टाकलं. पहिल्यापासून टाकतेय. चाळीतली माणसं चाळीतली नाहीत. आणि मी बारावी नाही बाई, मी नववीतून सोडलीय."

शेजारी झाकणं खडखडत होती.

"एका घंटेला एक चूक," बाई म्हणाल्या. "दुसरी नंतर. पहिली सांग नीट."

मी सांगितलं. सुबोध उठून उभा राहिला. "मॅडम, हे माझं आहे. मीच सांगितलं होतं हिला, वरचं टाक म्हणून. वाट लागली."

"तुझी वेगळी घंटा वाजव. आधी बस. त्या दवाखान्याचे मूळ फोटो काढ. भरलेल्या पत्त्यांचं काही नको. रिकाम्या रकान्यांची नावं तेवढी दे."

निघाली. बाई म्हणाल्या, "मोठ्याने वाच." मी एकेक नाव वाचत गेले, वयं वाचत गेले. पानावर पसरलेली होती तेव्हा दिसलं नव्हतं. एकाखाली एक वाचताना ऐकू आलं. वीस, बावीस, पंचवीस, एकोणीस. बहुतेक पुरुष. मधे दोन-तीन बायका. पोरं जवळजवळ नाहीत, म्हातारं कोणी नाही.

"हे कुटुंब नाही," बाई म्हणाल्या. "ही टोळी आहे कुठल्या तरी कामावरची. कंपाउंडरने पत्ता विसरून नाही सोडला. त्यांना पत्ताच नाही."

मग त्यांनी रॅकवरचा स्टेथोस्कोप काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि गळ्यात घातला. सुबोध माझ्याकडे बघतच राहिला.

आधी आम्ही त्या दवाखान्यात गेलो. तिथला कंपाउंडर नवीन होता, भला माणूस. म्हणाला, "काय लिहू बाई? पत्ता विचारला की वरती म्हणतात. वरती म्हणजे कुठे, तर टॉवरवर. आज बारावा मजला, उद्या तेरावा." चाळीच्याच मागे पत्र्याच्या कुंपणाआड टॉवर उठत होता. काल त्या पायरीवरून आम्हाला त्याची सावली दिसत होती.

फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. बाईंनी स्टेथोस्कोपवर नुसता हात ठेवला. त्याने फाटक उघडलं.

आत काय होतं ते मला अजून झोपताना दिसतं. भिजवलेले स्लॅब, प्रत्येक मजल्यावर साचवलेलं पाणी, खाली उघडी टाकी. बाईंनी वाकून बघितलं, बोट पाण्यावर फिरवलं, म्हणाल्या, "बघ." डासांच्या अळ्यांनी पाणी वळवळत होतं. टाकीच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्या. दुपारच्या उन्हात पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता आणि आत माणसं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पांघरून कुडकुडत होती. माझ्याएवढीच एक बाई होती. तिच्या दातांचा आवाज मला दारात ऐकू आला.

मुकादम मागे मागे येत होता. "ताप तर येतोच ना बाई. चार दिवसांनी उठतात."

"आणि उठले नाहीत तर?"

"मग गावाला जातात."

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, त्या बाईची पापणी बघितली, पोट चाचपलं. मला म्हणाल्या, "लिही." मी वही काढली. नाव, वय, ताप किती दिवस. मग माझा हात थांबला.

"पत्ता काय लिहू?"

"जिथे उभी आहेस ते लिही."

बाईंनी वॉर्डात फोन केला, तासाभरात आरोग्याची माणसं आली. बोटं टोचून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, त्या बाईला आणि एका पोराला हॉस्पिटलात नेलं. दोघं वाचली. मी यादीतली नावं हाकारत होते आणि एकेक जण हात वर करत होता. एका नावाला कोणी हात वर केला नाही.

"किसन."

"किसन गावाला गेला," एक जण म्हणाला. "जालन्याकडचा आहे, मंठ्याच्या पुढं कुठंतरी. अंग भाजत होतं त्याचं. फोन लागत नाही."

"कधी गेला?"

"बुधवारी."

नकाशा लाल झाला सोमवारी. मी बरोबर भरलं असतं तर ती धुराची माणसं मंगळवारी चाळीत न जाता टॉवरवर गेली असती. किसन तेव्हा तिथेच, त्या गोण्यांखाली होता. बुधवारी गेला. बाईंनी त्या बाजूच्या आरोग्य केंद्रांना पत्रं लिहिली, फोन केले. गावाचं नाव नाही, नुसता किसन, कोण शोधणार. त्यांनी एका कागदाच्या पट्टीवर लिहिलं: किसन, वय बावीस, ताप तीन दिवस. ती पट्टी डब्यात टाकली. त्यानंतरच्या दर गुरुवारी इतर चिठ्ठ्या बदलायच्या, ती तशीच राहायची. फरसाणवालीच्या हाताला कधी कधी तीच लागायची. बाई ती परत डब्यात टाकायच्या आणि अकरावी काढायला सांगायच्या.

त्या दिवशी परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या, "हं, आता दुसरी घंटा."

मी रडायलाच लागले. त्या बाहेर बघत राहिल्या.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू कशाची भीती वाटते ते माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंस आणि बारावी सांगताना काकडीकडे बघितलंस. सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बसता येतं. गणित सुबोध शिकवील. त्याची शिक्षा तीच."

"मला काढणार नाही?"

"घंटा वाजवायला जिला इतका त्रास होतो आणि तरी वाजवते, तिला काढून मी कोणाला ठेवू गं?"

पुढे एका मोठ्या सभागृहात बाईंचं भाषण होतं. आम्हा सगळ्यांना नेलं होतं. मी शेवटच्या रांगेत, सुबोधच्या आडोशाला. पडद्यावर बाईंनी तोच नकाशा लावला, तीच लाल चाळ. म्हणाल्या, "हा नकाशा खोटा आहे आणि तो मी काढलाय." खाली कुजबुज झाली. मला वाटलं आता माझं नाव येणार. मी दाराकडे बघून ठेवलं होतं, पळायला.

पुढच्या रांगेतले एक मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ऑपरेटरची चूक आहे. एवढं कशाला उगाळायचं? अशाने लोकांचा या पद्धतीवरचा विश्वास जाईल."

"ऑपरेटरला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण 'माहीत नाही' असं लिहायला मी तिला जागाच ठेवली नव्हती. माझा कंपाउंडर तिला पुढे जाऊ देत नव्हता. मग ती काय करणार? आणि साहेब, त्या रिकाम्या रकान्यांतच सगळा मलेरिया होता. आपण पत्ते असलेल्यांना मोजत होतो."

काही दवाखान्यांनी त्यानंतर पानं पाठवणं बंद केलं. बाईंना त्याचं वाईट वाटलं, आठवडाभर काकडी खाल्ली नाही. पण तोवर सुबोधने पत्त्याच्या रकान्याखाली एक मोठं पिवळं बटण बसवलं होतं: माहीत नाही. ते दाबलं की कॉम्प्युटर पुढे जायचा, आणि अशी बटणं एका दवाखान्यात वाढली की नकाशावर पिवळं दिसायचं. बाई सकाळी आल्या की लालच्या आधी पिवळं बघायच्या.

मी दहावी झाले, दुसऱ्या प्रयत्नात. नंतर ते काम एका मोठ्या जागी हललं, गाळा सुटला. बाईंचे गुडघे गेले. त्या मुलुंडला घरी असतात, खिडकीत बसून खालच्या दवाखान्यात किती माणसं शिरतात ते मोजतात. मी या खिडकीवर लागले. कोणी पत्त्यापाशी अडखळलं की मी म्हणते, "घाबरू नका. कुठे झोपता ते सांगा." पण भीती माझी गेलेली नाही. रोज कुठल्या तरी रकान्यात माझ्या हातून कोणीतरी हरवेल, असं वाटत राहतं. बाई म्हणतात ते जायला नकोच.

गेल्या महिन्यात खिडकीवर एक बाई आली, जालन्याकडची. बोलता बोलता म्हणाली, आमच्या गावची पोरं पार्काजवळच्या त्या टॉवरवर होती. मी गावाचं नाव विचारलं. किसन म्हणून कोणी होता का, ते विचारायला तोंड उघडलं आणि माझ्याच्याने विचारवलं नाही. पुढच्या माणसाला बोलावलं.

रविवारी मुलुंडला जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी पलंगाखालून डबा काढायला लावला. आत ती एकच पट्टी होती, तेलाने पारदर्शक झालेली.

"ही तुझी," त्या म्हणाल्या.

"बाई, मला भीती वाटते. दार उघडलं आणि तो नसला तर?"

"तर तसं लिही. तू दार वाजवल्याशिवाय तो ना आहे, ना नाही."

पट्टी माझ्या पर्समध्ये आहे. मागे गावाचं नाव लिहिलंय. एकटीने इतक्या लांब मी कधी गेलेली नाही, तिकडची एसटी कुठून सुटते तेही ठाऊक नाही. पण बाईंनी माझ्यासाठी जे केलं ते फेडायचं तर दुसरी वाट मला दिसत नाही. एक दिवस मी जाईन, ती कडी वाजवीन. दारात जो येईल त्याचं नाव विचारीन, आणि बाईंना तिथूनच फोन करून सांगीन. जे असेल तेच सांगीन बाई. वरचं टाकणार नाही.